ताईला विचारून

३ नोव्हेंबर

प्रिय मेहुणीबाई,

भरपूर आशीर्वाद पाठवत आहे. मुलांना वाटून उरले तर नवऱ्याला द्यावेत. त्याला त्यांची गरज अधिक.

भावोजी फोन सोडून पत्रं का लिहितात, असं तू अक्काला विचारलंस म्हणे. कारण स्थापत्यशास्त्रीय आहे. आमच्या पुढच्या आणि मागच्या खोलीत जी भिंत आहे ती भिंत नव्हे, भिंतीचा आभास आहे. मागच्या खोलीत ताई झोपलेली असते. अर्धांगाच्या झटक्यात तिची वाचा गेली, कान गेले नाहीत. इकडे मी फोनवर कुजबुजलो की तिकडे तिची खाट करकरते. आणि आज लिहायचं ते तिच्याबद्दलच आहे.

भाचा आलाय. ताईचा एकुलता एक, परदेशात स्थायिक. आकाराने मोठा आणि स्वभावाने बरा. म्हणजे ज्याच्यावर धड रागावताही येत नाही असा. तो आईला घेऊन जाणार म्हणतो. कायमचं. त्याच्याकडे तिच्यासाठी खोली तयार आहे, खोलीला लागून न्हाणीघर आहे, रोज येणारी परिचारिका आहे, बटण दाबलं की डोक्याकडून वर होणारा पलंग आहे. माझ्याकडे काय आहे? दोन कपाटं शब्दकोश आणि एक बायको, तीही तुझी अक्का.

ताई तुला ठाऊक आहे. दवाखान्यात जन्मभर कंपाउंडर होती. पेशंट डॉक्टरला नमस्कार करत आणि हिला घाबरत. 'गोळी चावू नका म्हटलं होतं ना?' हे वाक्य निम्म्या गावाने ऐकलं आहे. मार्चपासून तिची उजवी बाजू आणि सगळे शब्द गेले. आता एकच उत्तर शिल्लक आहे, मान खालीवर. भाचा विचारतो, 'आई, येणार ना माझ्याकडे?' ती मान हलवते. तो बाहेर गेला की मी विचारतो, 'ताई, इथंच राहणार ना?' पुन्हा मान हलवते, तितकीच ठाम. तर्कशास्त्रात अशा साक्षीदाराला काय म्हणतात ते मला येतं, पण मोठ्या बहिणीविषयी लिहवत नाही.

आता प्रश्न. तू विमानतळावर नोकरी करतेस एवढं मला माहीत आहे. नेमकं काय करतेस ते विचारलं नव्हतं, कारण आमच्यातलं कुणी उडत नव्हतं. उभंही राहता न येणाऱ्या माणसाला ते लोक वर चढवतात तरी कसं? आणि चढवण्याआधी त्याला कुणी विचारतं का?

तुझा,
भावोजी


१० नोव्हेंबर

ती. भावोजी,

इतक्या वर्षांनी का होईना, मी काय करते ते विचारलंत. अक्काला सांगा, साखर वाटा.

मी अँब्युलिफ्ट चालवते. नाव मोठं आहे, आम्ही तिला नुसतं 'डबा' म्हणतो. ट्रकवर खोलीएवढा बंद डबा. खुर्चीसकट माणसाला मागून आत घ्यायचं, खुर्चीची चाकं जमिनीला जखडायची, माणसाच्या कमरेला पट्टा लावायचा. मग विमानाच्या उजव्या अंगाला गाडी नेऊन लावायची, गाडीचे चार लोखंडी पाय जमिनीवर टेकवायचे आणि डबा दारापर्यंत उचलायचा. पुढची फळी विमानाच्या उंबऱ्यावर टेकली की खुर्ची आत. बाकी प्रवासी डावीकडच्या दारानं ऐटीत चढतात, त्यांना आमचा पत्ताही नसतो. उजव्या दारावर फक्त मी आणि जेवणाच्या गाडीवाला. त्यालाही तेच दार हवं असतं. आमचं भांडण रोजचं. तो म्हणतो, "माझं जेवण गार होतंय!" मी म्हणते, "माझी माणसं गार होतायत!"

आणि हो, विचारतात. मीच विचारते. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खुर्चीत बसलेल्याला विचारा, खुर्ची ढकलणाऱ्याला नाही. ढकलणारा नेहमीच तयार असतो.

एकदा मजा झाली. एक आजोबा होते. मागं मुलगा, सून, नातवंडं, सगळी वरात. मी आपलं नेहमीसारखं विचारलं, "आजोबा, निघायचं?" ते म्हणाले, "नाही." मुलगा हसला, म्हणाला, "बाबा गंमत करतात." पुन्हा विचारलं. "नाही." मग सुपरवायझर आले, त्यांनी विचारलं, "नाही." झालं! माणूस जात नाही म्हटल्यावर त्याची बॅगही जाऊ शकत नाही, म्हणजे विमानाच्या पोटात भरलेलं सामान उपसून ती शोधायची. लोडर मंडळींनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. विमान त्यांना सोडून गेलं. आजोबा खाली उभ्या गाडीत बसून शांतपणे माझ्याकडचं पाणी प्यायले.

अक्का कशी आहे? फोनवर दमल्यासारखी वाटली.

तुमची,
मेहुणी


१६ नोव्हेंबर

प्रिय मेहुणीबाई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वर्गातल्या कुठल्याही निबंधाला हा मान मिळालेला नाही. तुझे ते आजोबा मला फारच आवडले. एका अव्ययावर त्या माणसाने आख्खं विमान रोखलं!

आता नीट ऐक. भाच्याने तिकिटं काढली आहेत, डिसेंबरच्या दहा तारखेची, दुपारची, तुझ्याच विमानतळावरून. डॉक्टरचा दाखलाही मिळवला. मी हरकत घेतली नाही. कुठल्या अधिकाराने घेणार? मुलाचा हक्क आधी, भावाचा मागून. भाचा मला म्हणाला, 'मामा, तुम्हीच सांगा, आईला इथं ठेवणं बरोबर आहे का?' मी अर्धा तास बोललो आणि त्यात उत्तर सोडून सगळं होतं. तो म्हणाला, 'बरं, म्हणजे तुमची हरकत नाही.'

पण तुमच्या डब्यातला तो प्रश्न आहे ना? तिथे ना मी असेन, ना ही भिंत. तिथे तू, सरकारी नसलं तरी अधिकृत जॅकेट घालून, तिला विचारणार. ताईचा नियमावर भारी विश्वास. दवाखान्यातला नियम म्हणजे तिला वेद. नियमाने विचारलं तर ती खरं सांगेल अशी माझी खात्री आहे. ती 'नाही' म्हणाली तर तू फक्त तुझं काम कर, बाकी मी बघतो.

तुझी त्या दिवशी कामाची पाळी नसेल तर बदलून घे. एवढं कर.

तुझा,
भावोजी


२५ नोव्हेंबर

ती. भावोजी,

उत्तराला उशीर झाला, कारण राग शांत व्हायची वाट पाहत होते.

'बाकी मी बघतो' म्हणजे काय बघता? त्या आजोबांची गोष्ट मी तुम्हाला हसवायला सांगितली. पुढचं सांगितलं नाही, कारण ते मलाच माहीत नाही. डबा खाली आला की माझं काम संपतं. ते घरी गेले की आणखी कुठं, त्या दिवशी त्यांना कुणी जेवायला वाढलं, त्यांच्याशी कोण बोललं, मला काही ठाऊक नाही. शिवाय ते बोलू शकत होते. ताई 'नाही' म्हणणार कशानं? मान आडवी फिरवता येते का त्यांना? तुम्हीच लिहिलंत ना, दोघांनाही होकारच देतात म्हणून?

आणि समजा थांबवलं. परत आणल्या. मग त्यांना कुशीवर कोण वळवणार? आंघोळ कोण घालणार? तुमचे शब्दकोश?

परवा दुपारी अक्काला फोन केला तर धापा टाकत होती. "ताईंना खुर्चीत बसवून आले," म्हणाली. मग जे बोलली ते तुम्हाला सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय, म्हणून सांगत नाही. पण भावोजी, डोळे तुम्हालाही आहेत. पुस्तकातून वर करा कधीतरी.

पाळी बदलून घेतलीय. ताईंना परक्या माणसानं उचलू नये, म्हणून. तुमच्यासाठी नाही.

तुमची,
मेहुणी


२ डिसेंबर

प्रिय मेहुणीबाई,

तुझा राग शिरोधार्य. तुम्हा बहिणींचा तो कुलधर्मच आहे.

अक्काची काळजी करू नकोस. ती ठणठणीत आहे. ताईचं करून उठताना मागे कमरेवर हात ठेवते, तोंड वाकडं करते आणि एक स्वर लावते; ऱ्हस्व नव्हे, दीर्घ नव्हे, थेट प्लुत. मी एकदा विचारलं, 'दुखतंय का?' तर म्हणाली, 'नाही, गाणं शिकतेय.' जिची जीभ अशी चालते तिची कंबर मोडलेली नसते, हे तुला वैद्यकशास्त्रात कुठेही सापडेल.

ताईबद्दल मात्र काही सूचना. उजवीकडून बोलशील तर तिला तू दिसणारच नाहीस. डावीकडे जा आणि खाली बसून विचार. तिला वर मान करून कुणाकडे पाहायची सवय नाही. 'आजी' म्हणू नकोस. दवाखान्यात एकाने म्हटलं होतं, त्याला तिने तासभर बाकावर बसवून ठेवलं. डावा हात चांगला आहे, त्यात जोरही आहे. मान आडवी फिरत नाही हे तुझं खरं. पण नकोच असेल तर ती डोळे मिटून घेते, असं मला वाटतं. निश्चित सांगता येत नाही. झोप आली तरी ती डोळेच मिटते.

मी येणार नाही. गाडीत भाचा, ताई, तिची खुर्ची आणि सामान. माझ्यासाठी जागा उरत नाही. उरली असती तरी काचेच्या दाराशी थांबवून मला परतच पाठवलं असतं, असं भाचा म्हणाला. मी घरीच बसेन. काल ताईची पेटी भरली. भरली अक्काने, मी शेजारी उभा राहून घड्या चुकतायत असं सांगत होतो.

विचार मात्र. एवढंच मागणं.

तुझा,
भावोजी


१२ डिसेंबर

ती. भावोजी,

भाच्याचा फोन आला असेलच. सुखरूप पोचले. पण तुम्हाला माझ्याकडून हवं असेल ते लिहिते, जसं झालं तसं.

ताईंना राखाडी शाल, केस चापूनचोपून बसवलेले. भाच्यानं विंचरले म्हणे, भांग वाकडा होता. मला ओळखलं त्यांनी. पाहिल्या पाहिल्या माझ्या बुटांकडे बघितलं, मळले होते. डब्यात घेतलं, खुर्ची जखडली, पट्टा लावला. भाचा खुर्चीमागं उभा. मी डावीकडे जाऊन खाली बसले आणि विचारलं, "ताई, वर जायचं ना?" मान हलवली. मी म्हटलं, "की इथंच राहायचं?" मान हलवली. भाचा म्हणाला, "मावशी, असं काय विचारता?" मी म्हटलं, "नियम आहे."

मग मला वाटलं, ज्याला मान हलवून उत्तर देताच येणार नाही असं विचारावं. म्हणून विचारलं, "ताई, का जाताय?"

 त्यांनी डावा हात मागं नेऊन कमरेवर ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि घशातून 'आऽऽ' असा आवाज काढला. नंतर तोच हात वर करून विमानाच्या दाराकडे दाखवला. भावोजी, हे मी रोज बघते. पट्टा कमरेत रुतला की सगळे असंच करतात. मी पटकन पट्टा एक घर सैल केला. त्यांनी परत तेच केलं. हात कमरेवर, तोंड वाकडं, दाराकडे बोट. भाचा वाकून म्हणाला, "आई, पट्टा टोचतोय का?" ढ विद्यार्थ्याकडे मास्तर बघतो तसं त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग मान हलवली. म्हणजे पट्टाच. आणखी सैल करणं नियमात बसत नाही, म्हणून कमरेमागं माझा मफलर घडी करून ठेवला.

तोवर जेवणाच्या गाडीवाला हॉर्न वाजवायला लागला होता. वरून दाराशी उभी असलेली मुलगी घड्याळ दाखवत होती. विमानाला उशीर झाला की तो कुणाच्यातरी नावावर टाकतात, आणि त्या दिवशी माझंच नाव समोर होतं.

डबा उचलायचं बटण एकदा दाबून सोडता येत नाही. दाबून धरावं लागतं. बोट काढलं की डबा जागीच थांबतो. तुम्हाला हे मुद्दाम सांगते. आजवर मला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी सबंध वेळ बोटाकडे बघत होते. ताईंनी डोळे मिटले का हे पाहायचं होतं, पण त्यांचं तोंड दाराकडे होतं. मी दाबून धरलं, भावोजी. फळी टेकेपर्यंत.

आत नेताना त्यांनी मला हातानं थांबवलं. वाटलं, आता काहीतरी होणार. तर त्यांनी माझ्या जॅकेटची उघडी चेन धरली आणि गळ्यापर्यंत वर ओढली. मग खुर्ची आत गेली.

तुम्ही रागावलात तरी चालेल. पण विचारलं मी.

तुमची,
मेहुणी


४ जानेवारी

प्रिय मेहुणीबाई,

तुझ्या पत्राला मी लगेच उत्तर लिहिलं होतं. ते पाठवलं नाही. त्यात एक वाक्य फार चांगलं साधलं होतं: 'तू पट्टा सैल केलास, सोडायला हवा होता.' इतकं चांगलं वाक्य सहसा खोटं असतं, म्हणून ठेवून दिलं.

नंतर काय झालं ते तुलाच सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

मागची खोली आवरायला काढली होती. अक्का खाली बसून ताईच्या खाटेखालचं पुसत होती. मी दाराशी उभा राहून तुझं पत्र पुन्हा वाचत होतो. ती उठली. उठताना एक हात मागे कमरेवर ठेवला, तोंड वाकडं केलं, तो प्लुत स्वर लावला, आणि दुसऱ्या हाताने माळ्याकडे बोट करून म्हणाली, 'ती पेटी काढून द्या.' मी पेटी काढली नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, 'काय झालं? भूत बघितलंत का?'

मेहुणीबाई, पट्टा रुतत नव्हता. तू 'का' विचारलंस आणि तिने 'का' ते सांगितलं. ती अक्काची नक्कल करत होती, आवाजासकट. मार्चपासून दिवसातून कितीदा तरी तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, कारण तिला उचलूनच तर अक्का तशी उठत असे. शिवाय त्या भिंतीतून अक्काचं तुझ्याशी झालेलं बोलणंही तिला ऐकू गेलं असणार. तुझी शपथ मोडू नकोस, मला आता अंदाज आहे. जन्मभर कंपाउंडर होती. दुखणं ओळखलं, कारण शोधलं, आणि ते घरातून हलवलं. मी ज्या खुर्चीत बसून याच दोघींबद्दल तुला विनोद लिहीत होतो, ती खुर्ची मधल्या दाराला लागूनच आहे.

की हेही मीच रचतो आहे? टोचतही असेल पट्टा. तुझा रोजचा अनुभव माझ्या तर्काहून कमी का मानावा? तिला विचारणं हा एकच उपाय, आणि विचारलं की ती मान हलवणार.

तुला दोष नाही. कुणालाच देता येत नाही, हीच पंचाईत आहे. भाचा दुष्ट असता तर माझी केवढी सोय झाली असती.

अक्काला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी फोटो उजेडासमोर धरून विचारलं, 'इतके महिने काय करत होतात?' मी म्हटलं, 'शिकवत होतो.' आता तिला वाकायची बंदी आहे. केर मी काढतो. ती पलंगावरून कोपरे दाखवते आणि म्हणते, 'मी घड्या घालत होते तेव्हा बरं सगळं दिसत होतं.'

तिला यातलं काही सांगू नकोस. आधीच ती दुपारी मागच्या खोलीत जाऊन बसते. म्हणते, 'सुटले असं एक दिवस वाटलं हो मला, नंतर नाही वाटलं.' ताई तिच्यासाठी गेली हे कळलं तर ती कंबर बांधून आणायला निघेल, आणि आणता तर येणार नाही.

काल भाच्याने फोनवर ताईचं दर्शन घडवलं. ती खिडकीशी बसली होती. भांग सरळ होता. परिचारिकेचं काम दिसतं. मला तिला एवढंच सांगायचं होतं की मला कळलं. पण माझ्या खांद्यापाशी अक्का, तिच्या खांद्यापाशी भाचा.  मागून अक्का ढोसायला लागली, 'बोला ना, एरवी तर थांबत नाही.' इथे सकाळपासून हात गोठत होते, म्हणून तेच विचारलं. 'ताई, थंडी आहे का गं तिथं?'

तिने मान हलवली. खालीवर, चांगली ठाम. मला बरं वाटलं. म्हटलं, एक गोष्ट तरी तिच्याकडून नक्की कळली.

तेवढ्यात मागून भाचा हसत म्हणाला, 'नाही हो मामा, इथं उन्हाळा आहे.'

तुझा,
भावोजी